फुकटचं विमान

आईला विमानानं गयेला नेण्यासाठी मी अडीच वर्षं शेजाऱ्यांची वीजबिलं भरली. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग म्हणतो, ‘म्हणजे काय?’ नीट सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि समोरचा विषय बदलतो. लिहिताना निदान कुणाला विषय बदलता येत नाही.

आई महापालिकेच्या रुग्णालयात आया होती. फरशा, चादरी, भांडी, नुकती जन्मलेली बाळं, नुकती गेलेली माणसं, सगळं तिच्या हातांखालून गेलं. अकोल्याकडून लग्न होऊन घाटकोपरच्या झोपडपट्टीत आली. पुढे झोपडपट्टी पाडून तिथेच बिल्डिंग उभी राहिली आणि चौथ्या मजल्यावर आम्हाला एक खोली, स्वयंपाकघर मिळालं. किल्ली हातात घेतल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “पाणी किती वाजता येतं?”

तिची स्वतःसाठी म्हणून एकच इच्छा होती. बोधगयेला जायचं, त्या झाडाखाली थोडा वेळ बसायचं. आमच्या विहारातलं महिला मंडळ दर जानेवारीत जातं, आणि नोकरीत असताना जानेवारीत हिची रजा कधी मंजूर झाली नाही. निवृत्त झाली तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले. बाबा गेले, त्यांच्या वर्षाचा कार्यक्रम झाला, आणि एक दिवस चहा पिता पिता ती म्हणाली, “आता या बायकांबरोबर मी जाऊन येते.” तिला सत्तरी उलटून गेली होती. त्या क्षणी मी ‘जा’ म्हणालो असतो तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

पण माझ्याकडे कार्ड होतं.

मला फुकट मिळालेली गोष्ट आवडते, हे आधीच कबूल करतो. साकीनाक्याला स्प्रिंगा बनवणाऱ्या एका गाळ्यात मी स्टोअर्स सांभाळतो. रुपयाची वस्तू नव्वद पैशांत आणली की माझा दिवस चांगला जातो. तिथे तार पुरवणारा व्यापारी भाव वाढवतो तेव्हा स्वतः येतो, चहा पितो, कपाळावरचा घाम पुसतो आणि म्हणतो, “शेठ, मला परवडत नाही.” मी शेठ नाही हे त्याला माहीत आहे. आम्ही तासभर भांडतो. तो दोन रुपये मागतो, मी आठ आण्यांवर येतो, सव्वा रुपयावर सौदा ठरतो. मला वाटायचं, भाव बदलायची जगात हीच रीत आहे.

कार्ड मला एका मॉलमध्ये मिळालं. काळं जॅकेट घातलेल्या एक बाई टेबल मांडून उभ्या होत्या. “सर, लाइफटाइम फ्री आहे. एकही पैसा नाही. उलट खर्च कराल तितके पॉइंट, आणि पॉइंटवर विमानाचं तिकीट.” मी तीन वेळा विचारलं, एकही पैसा नाही ना? त्यांनी तिन्ही वेळा तितक्याच गोड आवाजात नाही म्हटलं. मी सही केली. ज्या कागदांवर केली ते वाचले नाहीत. गाळ्यात मी डिलिव्हरी चलनाची मागची बाजूसुद्धा वाचतो.

आता वीजबिलांचं. आमच्या वस्तीत पूर्वी एक पद्धत होती. बिल भरायला उन्हात दीड-दोन तास रांग लागायची, म्हणून गल्लीतल्या सगळ्या घरांचं मिळून एकच माणूस जायचा. बाबा रात्रपाळीचे वॉचमन. दिवसा घरी असायचे, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. कापडी पिशवीत बिलं, प्रत्येक बिलाला टाचणीनं टोचलेल्या नोटा. संध्याकाळी पावत्या घरोघर पोचवून मगच ते जेवायचे. झोपमोड व्हायची, कुणी कधी चहा पाजला तर पाजला. बिल्डिंग झाली, रांगा संपल्या, बिलं मोबाइलवर यायला लागली, तरी म्हाताऱ्या माणसांचे पाय आमच्याच दाराकडे वळायचे. “तुझे बाबा भरायचे, आता तू भर.” मी भरायला लागलो, कार्डानं. बाबांना त्यातून काही मिळत नव्हतं आणि मला पॉइंट मिळत होते. हे मी लोकांपासून लपवलं नाही, पण सांगताना आवाज जरा खाली असायचा.

हळूहळू माझी भूक वाढली. विजेच्या बिलांवरून मी विम्याच्या हप्त्यांवर गेलो, तिथून पोरांच्या शाळेच्या फीवर, तिथून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या भाड्यावर. कुणी फ्रीज घ्यायचा म्हणालं की मी चप्पल घालून तयार. “तुम्ही पैसे मला पाठवा, मी कार्ड मारतो.” जयंतीच्या मंडपाचा ॲडव्हान्ससुद्धा मी कार्डानं दिला. दर महिन्याला शेवटच्या तारखेच्या आधी पूर्ण बिल भरायचो, व्याजाचा एक रुपया बँकेला कधी लागू दिला नाही. त्याचा मला फार गर्व होता. बिल्डिंगमध्ये मला पॉइंटवाला म्हणायला लागले आणि मी ते हसून घेत होतो.

तर आई ‘जाऊन येते’ म्हणाली आणि मी म्हणालो, “सेकंड क्लासमध्ये तीस तास? गुडघे बघितलेस का स्वतःचे? मी तुला विमानानं नेतो. दिल्लीला बदलायचं, की गया. एक पैसा लागणार नाही.”

“विमान?” आई म्हणाली. “माझ्या बापानं एसटीत पाय ठेवला नव्हता.”

“म्हणून तर. थोडे पॉइंट कमी आहेत. वर्षभर थांब.”

ती थांबली. आईची एक मैत्रीण आहे, तिसऱ्या मजल्यावर राहते. दोघी एकाच रुग्णालयात आया, एकत्र ड्यूटी, एकत्र निवृत्त. मी तिला मावशी म्हणतो. मावशी विचारायला आली तेव्हा आईनं तिला दारातच सांगितलं, “मी पुढच्या वर्षी. पोरगा विमानानं नेतो म्हणाला.” मग ते विहारात सांगितलं, रेशन दुकानात सांगितलं, अकोल्याला फोन करून मामीला सांगितलं. आईला बढाई मारायची सवय नाही. आयुष्यात तिनं मारलेली ही एकच बढाई, आणि ती माझ्या भरवशावर.

त्या वर्षभरात ती मला दर महिन्याला विचारायची, “किती झाले रे?” कुकरच्या शिट्ट्या विचाराव्यात तसं. मी मोबाइलवर आकडा दाखवायचो. तिला वाचता येत होतं, पण तो आकडा कशाचा आणि किती व्हायला हवा हे काही तिच्या डोक्यात बसत नव्हतं. ती फक्त माझ्या तोंडाकडे बघायची. मी खुशीत दिसलो की ती पण खुशीत.

जूनमध्ये मी अकरा घरांतल्या पोरांच्या शाळेची फी ॲपवरून एकाच संध्याकाळी भरली. त्या रात्री आईला म्हणालो, “झालं गं. आता जानेवारीचं तिकीट बघायचं.” बायको पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “हातात येऊ द्या आधी.” तिचा स्वभाव संशयी आहे असं मी तेव्हा म्हटलं होतं. ती एका नर्सिंग होममध्ये रेकॉर्ड सांभाळते, माणसांनी न वाचता केलेल्या सह्या रोज बघते.

जुलैत कार्डाचं बिल आलं. प्रत्येक फीच्या खाली एक बारीक ओळ, त्या ओळीत एक रक्कम, तिच्याखाली त्या रकमेवरचा जीएसटी. अकरा वेळा. भाड्याखाली तसंच. सगळ्यात खाली वार्षिक शुल्क नावाची एक भरभक्कम रक्कम. मला वाटलं कुणीतरी कार्ड चोरलं. पॉइंट बघितले तर जूनच्या सगळ्या खर्चाचे पॉइंट शून्य. मग मी तिकिटाच्या पानावर गेलो. जितक्या पॉइंटांत दोन माणसं गयेला जाऊन परत येणार होती, तितक्यात आता एक माणूस जेमतेम दिल्लीपर्यंत जात होता.

मी फोन लावला. मराठीसाठी कितवा तरी आकडा दाबला, वीस मिनिटं बासरी ऐकली.

“सर, अटी बदलल्यात. आपल्याला मेल पाठवला होता.”

“मला कुणी विचारलं नाही.”

“विचारायचं नसतं सर, कळवायचं असतं.”

“लाइफटाइम फ्री म्हणाला होतात ना?”

“हो सर. पण ते जुन्या कार्डाला होतं. आपलं कार्ड अपग्रेड झालंय. जुन्या कार्डाचा लाइफटाइम संपला.”

फोनवरची मुलगी हे अगदी सरळ आवाजात म्हणाली. तिला हसू येत नव्हतं, म्हणजे ती हे दिवसातून शंभरदा म्हणत असणार. मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई कॉटवर बसून भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “तिला काहून रागवतोस? ती पण कुणाच्या ड्यूटीवर आहे.”

मेल सापडला. जाहिरातींच्या ढिगात, चादरींच्या सेलखाली. इंग्रजीत सात पानं. सुरुवातीला आम्ही तुमची किती कदर करतो ते, शेवटी पुन्हा तेच, आणि मध्ये पाच पानं माझा खिसा. शाळेच्या फीवर शुल्क, भाड्यावर शुल्क, वीजबिल ठरावीक रकमेच्या वर गेलं तर त्याच्यावर शुल्क. या कशावरही पॉइंट नाहीत. पॉइंटांची विमानातली किंमत पाव हिश्शाच्याही खाली. आणि पॉइंट वापरायचे तर वापरण्याचं शुल्क. मी अडीच वर्षं जे जे करून पॉइंट जमवले होते, त्या प्रत्येक गोष्टीच्या नावाची त्यात एक ओळ होती. वाचताना वाटलं, कुणीतरी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून माझ्याकडे बघत हे लिहिलंय. तसं काही नव्हतं अर्थात. त्यांना मी माहीतसुद्धा नव्हतो आणि त्याचाच जास्त राग आला.

चेहरा दाखवायला कुणी आलं नाही, घाम पुसला नाही, ‘परवडत नाही’ म्हटलं नाही. मी आठ आण्यांवर यायला तयार होतो. समोर माणूसच नव्हता.

अकरा घरांकडून ते जास्तीचे पैसे मागावेत असा विचार माझ्या मनात आला आणि लाज वाटायच्या आत मी एकाकडे मागितलेही. दुसऱ्या मजल्यावरचा रिक्षावाला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दादा, पॉइंट तुमचे ना? मग त्याची फी आमची कशी काय?” त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पैसे पाठवले आणि पुढच्या महिन्यापासून बिल स्वतः भरायला लागला. ही गोष्ट बिल्डिंगभर व्हायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. बाबांनी वीस वर्षं फुकट सांभाळलेली पद्धत मी एका दुपारी बुडवली.

बायको म्हणाली, “झालं ते झालं. पैसे आहेत ना आपल्याकडे? सरळ तिकीट काढा दोघांचं.”

पैसे होते. ही गोष्ट मला लिहायला सगळ्यात जड जाते. नव्हते असं नाही. दिवाळीचा बोनस बाजूला होता, एक मुदत ठेव सुटली होती. दोन माणसांचं विमान गाळ्यातल्या पगारावर काही अशक्य नव्हतं. पण मला ते विमान फुकट हवं होतं. मी फुकट नेतो म्हणालो होतो, आणि पैसे देऊन नेलं तर ते जिंकले असं मला वाटत होतं. “यांना सोडणार नाही,” मी म्हणालो. “आता एक रुपया जास्तीचा जाऊ देणार नाही.” बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा माझंच चुकलेलं असतं, पण ते मला नेहमी फार उशिरा कळतं.

मग सुरू झाल्या तक्रारी. रोज संध्याकाळी गाळ्यातून आलो की हातपाय धुऊन फोन. प्रत्येक फोनला एक नंबर मिळायचा, तो मी वहीत लिहायचो. नवा माणूस यायचा, त्याला पहिल्यापासून सांगायचं. मेल लिहिले, त्यांना आलेली उत्तरं सगळी एकाच साच्यातली, खाली वेगवेगळी नावं. एक जण म्हणाला, अठ्ठेचाळीस तासांत कळवतो. ते अठ्ठेचाळीस तास गणपतीत सुरू झाले आणि दसऱ्यालाही संपले नव्हते. मी एक जाड फाइल केली. त्या फाइलला मी जितकं जपलं तितकं दहावीच्या मार्कशीटला जपलं नव्हतं. रोज रात्री जेवणाच्या ताटावर तेच बोलणं. आई ऐकून घ्यायची. ‘किती झाले रे’ हे मात्र तिनं विचारणं बंद केलं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दिवाळीनंतर मंडळाची यादी निघाली. मावशी वर आली. आईला न विचारता मला विचारलं, “काय रे, विमान ठरलं का? नाहीतर हिचं नाव आमच्यात टाकते. सगळ्यांची तिकिटं एकत्र काढली की सीटा जवळजवळ मिळतात.”

“थोडं थांबा मावशी. तक्रार वरपर्यंत गेलीये. निकाल लागेल आता.”

“निकाल? कोर्टात गेलायस का?”

“तसंच समजा.”

मावशीनं आईकडे बघितलं. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, डबे पुसत होती. ते डबे स्वच्छच होते. मावशी “बघ बाबा” म्हणून खाली गेली. बायकांची तिकिटं त्या आठवड्यात निघाली.

जानेवारी आला. एका संध्याकाळी मी फाइल लावत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या मोठ्या शाखेत अकरा वाजता मला बोलावलं होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा एक खरा माणूस भेटणार होता. आई समोर येऊन उभी राहिली.

“उद्या निघते,” ती म्हणाली. “मंडळाबरोबर.”

“कुठं?” मी विचारलं. खरंच विचारलं.

“गयेला.”

“अगं, पण तिकीट?”

“झालं.”

मला वाटलं, मावशीनं शेवटी नाव टाकलंच. मला राग आला. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही झालं. म्हणालो, “पाच महिने मी कुणासाठी भांडतोय मग?” आई म्हणाली, “भांड ना तू. तू थोडाच थांबणार आहेस.” तिनं हे चिडून म्हटलं असतं तर मी सोबत गेलो असतो, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे. ते खरं आहे की नाही माहीत नाही.

सकाळी तिला कुर्ल्याला टर्मिनसवर सोडायला बायको गेली, अर्धी रजा टाकून. रिक्षात पिशवी, चादर, दशम्यांचा डबा, गुडघ्याचं तेल. मी शाखेत वेळेआधी पोचायचं म्हणून त्याआधीच निघालो होतो. निघताना आई आंघोळीला गेली होती, दारातूनच “येतो गं” म्हणालो. आतून पाण्याच्या आवाजात काही उत्तर आलं का, ते कळलं नाही.

शाखेतले साहेब चांगले होते. माझ्याहून लहान, थकलेले. त्यांनी फाइल पूर्ण उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, “काका, पॉइंट आमच्या हातात नाहीत. पण तुम्ही जुने ग्राहक, फीवर लागलेलं शुल्क आणि वार्षिक शुल्क सद्भावना म्हणून परत करतो. इथे सही करा, की तक्रार मिटली.” मी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात तसंच लिहिलं होतं, तक्रार मिटली. मी सही केली. खाली रस्त्यावर येऊन चहा प्यायलो. त्या वेळी आईची गाडी कल्याणच्या पुढे गेली असेल. मी चहावाल्याला म्हणालो, “पैसे परत मिळवले बँकेकडून,” आणि तो म्हणाला, “झकास.” दुसरं कुणी नव्हतं सांगायला.

आई नऊ दिवसांनी आली. रिक्षातून उतरताना तिचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. पण तोंड असं, की मी ते बाबा होते तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. दोन दिवस ती सांगत होती. कुठल्या कुठल्या देशांची माणसं, कुणी रडतंय, कुणी नुसतं जमिनीला डोकं टेकून पडलंय. “आणि फरशी काय स्वच्छ रे,” ती म्हणाली. “आपले पाय ठेवायची लाज वाटावी. मी बघत होते कोण पुसतंय. एक बाई होती, माझ्याएवढीच. मी तिला हात जोडले.” झाडाखाली ती आणि मावशी दुपारभर बसल्या. सगळं सांगितलं, गाडीचं मात्र काही सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा “गाडी ती गाडीच” म्हणाली.

गुडघ्याला डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि म्हणाला, इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसायचं नव्हतं. मला तेव्हाही काही कळलं नाही.

पहिल्याच रविवारी विहारात वंदना झाली आणि जाऊन आलेल्या बायकांनी खीर केली होती. आई हट्टानं जिना उतरून खाली आली होती. पांढरं लुगडं, भिंतीला टेकून, पाय पुढे पसरून बसलेली. मी खिरीचा पेला घेऊन दारापाशी उभा होतो. मावशीनं मला सगळ्यांसमोर धरलं.

“ये इकडे. तिकीट काढायचं तर वेळेवर काढायला काय होतं रे तुला?”

“कसलं तिकीट, मावशी?”

“हिचं! शेवटच्या घडीला काढलंस, आरएसी मिळालं. एका बाकावर दोन माणसं, जाताना तीस तास. बाजूला कोण तो जाडा माणूस, रात्रभर घोरत होता. हिनं पाय वर घेतले नाहीत एकदापण, त्याला लागतील म्हणून. मी म्हटलं माझ्या बर्थवर ये, तर म्हणे, माझ्या पोरानं काढलेली सीट आहे, मी इथंच बसणार.”

दुसऱ्या एक बाई हसत म्हणाल्या, “पॉइंटवर काढलेलं तिकीट ना ते? मग आरएसीच मिळणार. फुकटात बर्थ कोण देतं?”

“ते काय असेल ते,” मावशी म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. “पण काढलंस, हे बरं केलंस. कल्याण सोडलं तेव्हापासून गयेपर्यंत ही सगळ्या डब्याला सांगत होती. पोरानं पाठवलं, पोरानं पाठवलं.”

मी आईकडे बघितलं. ती खिरीतला बेदाणा चमच्यानं बाजूला काढत होती. तिला बेदाणे आवडत नाहीत. तिनं वर बघितलं नाही.

त्या पंधरा-वीस बायका माझ्याकडे बघत होत्या, रागावलेल्या आणि कौतुकानं भरलेल्या, दोन्ही एकदम. सांगून टाकावं असं वाटलं, की मी काही काढलं नाही, मी त्या दिवशी अंधेरीला होतो. पण मग आई सगळ्या डब्यासमोर खोटी पडली असती. मी म्हणालो, “हो मावशी, चुकलं माझं. आधी काढायला हवं होतं.”

“पुढच्या वेळी लक्षात ठेव,” मावशी म्हणाली, आणि माझ्या पेल्यात आणखी खीर ओतली.

लिफ्ट त्या महिन्यात बंद होती. आईला वर न्यायला मला बराच वेळ लागला. एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्यावर. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती दम घ्यायला पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर बसलो.

“तिकीट खरं कुणी काढलं?” मी विचारलं.

“मीच. स्टेशनजवळ एजंट बसतो ना, त्याच्याकडून. पेन्शनचे होते.”

“एकटी गेलीस?”

“मग काय.”

“मला सांगायचं होतंस. मी दिले असते पैसे.”

ती सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी चोळत राहिली.

“आणि त्या बायकांना काहून सांगितलंस, मी काढलं म्हणून?”

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. रुग्णालयात ती नातेवाइकांना काही सांगायची तेव्हा असा चेहरा करत असावी.

“मग काय सांगू?” ती म्हणाली. “आई चाललीये आणि पोरगा दंडाचे पैसे सोडवायला गेलाय, असं सांगू?”

मी तिला उठवलं. राहिलेल्या पायऱ्या तिनं खांदा न धरता, कठड्याला धरून चढल्या, आणि मी मागून चालत राहिलो.